भारमान

डेपोतल्या तक्त्यावर आमची गाडी सगळ्यात खाली:
स्वारगेट – हिरडेमाळ, मुक्कामी.
भारमान एकवीस टक्के.
साहेब त्या आकड्यावर पेन्सिलीनं टकटक करतात,
आत कुणी आहे का बघावं तसं.

पानशेत मागं पडलं तरी पाणी बराच वेळ खिडकीत असतं,
मग घाट. तांबोळी ड्रायव्हर वळणं नावानं ओळखतो –
म्हशीचं वळण, वऱ्हाडाचं वळण,
आणि एक, ज्याचं नाव तो घेत नाही,
तिथं फक्त हॉर्न देतो, समोर कुणी नसलं तरी.
वर पोचेस्तोवर साडेआठ होतात.
पौषात धुकं एवढं, की गाव आलं
हे शेणाच्या नि धुराच्या वासावरून कळतं.

अकरा घरं. त्यातल्या तिनांना कुलूप.
आमची भाकरी वारानं ठरलेली:
सोमवार ढेब्यांचा, मंगळवार मरगळ्यांचा,
बुधवार आखाड्यांचा होता,
ते उतरले नऱ्ह्याला, सोसायटीच्या गेटवर.
तेव्हापासून बुधवारी दोन घरांतून भाकरी येते
आणि दोन्ही घरांना वाटतं, दुसऱ्यानं पाठवली नसेल.

गाडी उभी राहते ती जागा गावातली सगळ्यात उंच.
मागच्या शिडीवर, टपाच्या कडेला, रेंजची एक कांडी येते.
रात्री ढेब्यांची पायल तिथं लोंबकळून
नर्सिंगचा फॉर्म भरते,
खाली तिचा भाऊ कंदील धरतो,
कंदिलाचा रेंजशी काय संबंध, ते त्याला कुणी विचारलेलं नाही.

मशीन मला विचारतं: टप्पा? प्रवासी? पूर्ण, अर्धे?
दुधाचे कॅन विचारत नाही.
औषधाची पुडी, जी मी ड्रायव्हरच्या डब्यात ठेवून
वर्षभर पोचवतोय, ती विचारत नाही.
मागच्या थंडीत पहाटे तीनला गाडी काढली,
सुंदराबाईला झोपवायला सीटं कमी पडली, म्हणून खाली घोंगड्या.
वऱ्हाडाच्या वळणावर मुलगा झाला.
वेबिलात त्या फेरीचं काय लिहू?
चढले तीन, उतरले चार.
ऑडिटवाल्यानं लाल शाईनं गोल केलाय.

कोंडीबा ढेबे तीन वर्षं झाली चौऱ्याहत्तरचेच आहेत.
पंच्याहत्तरीला प्रवास फुकट, मी म्हणतो, दादा, कार्ड काढा.
"फुकाटचं माणूस मोजत्यात व्हय रं?"
मोजतात, सांगितलं मी.
त्यांना पटलं नाही. पूर्ण तिकीट. नोट घडी घालून घामेजलेली.

आणि ठकूबाई मरगळे.
रोज पहाटे सहाला पहिल्या सीटवर,
खालच्या खिंडीपर्यंत, अर्धं तिकीट.
खिंडीत काही नाही. एक करवंदाची जाळी, एक मैलाचा दगड.
तिथून चढून परत यायला तिला सव्वा तास लागतो.
कशाला उतरता मावशी?
"लाकडं मिळत्यात."
लाकडं तिच्या अंगणात छपरापर्यंत रचलेली,
मी रोज रात्री त्यांच्याच शेकोटीला बसतो.

साहेब एकदा स्वतः आले, तपासणीला.
गावाला कुणी सांगितलं, मला माहीत नाही
(तांबोळी तेव्हा काच पुसत होता, फारच मन लावून).
त्या दिवशी एकोणतीस जण चढले.
एक कोंबडी, दोन तान्ही,
गुरव देवाला कुलूप लावून आलेला.
पानशेतला उतरून सगळे धरणाच्या भिंतीवर बसले,
भेळ खाल्ली, संध्याकाळी परत.
साहेब काही बोलले नाहीत.
उतरताना एका पोरीला खिडकीतून अडकलेली ओढणी सोडवून दिली.

दुसऱ्या दिवशी चार प्रवासी.
महिनाअखेरीला भारमान तेवीस.

पत्र यायचंय. येईलही.
माझी घोंगडी मी देवळातल्या खुंटीवरच ठेवतो, घरी नेत नाही.
पहाटे इंजिन तापेस्तोवर तांबोळी हात चोळत उभा,
धुक्यातून आधी काठीचा आवाज येतो,
मग चपलांचा, मग ठकूबाई.
मुठीतली नाणी देते, गरम, चुलीजवळ ठेवल्यासारखी.
मी टप्पा दाबतो.
मशीन कुरकुरतं, आणि कागदाची ती बोटभर पट्टी
ती कनवटीला खोचते.
कालचीही तिथंच असणार.